आमचे छत नाल्यात!

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचे पाणी झिरपून आमच्या मुलाच्या खोलीतील फॉल्स सीलिंगला पिवळा डाग पडला. आठवड्याभरात ती जागा फुगली आणि एक दिवस ताटाएवढा तुकडा थेट त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर कोसळला. नशीब, चिरंजीव तेव्हा शाळेत होते.

"जुनं सगळं उतरवून टाकू," हे म्हणाले. दोन दिवसांत जिप्सम बोर्ड आणि ओल्या भिंतीचे प्लॅस्टर मिळून अकरा गोण्या भरल्या. सोसायटीच्या जिन्याखाली त्या पाहून शेजारच्या काकू कुरकुरू लागल्या. कंत्राटदार मात्र निवांत होता. "डेब्रिजची चिंता सोडा वहिनी. हजार रुपये द्या, रात्रीत टेम्पो घेऊन जाईल."

सकाळी गोण्या गायब! मी समाधानाने जिना पुसून घेतला. त्या कुठे गेल्या, हा प्रश्न काही मला पडला नाही. खरे सांगा, तुम्हाला पडला असता का?

पुढच्या आठवड्यात रात्रभर पाऊस झाला आणि आमच्या कामाच्या मावशी आल्याच नाहीत. सलग दोन दिवस. नऊ वर्षांत न सांगता त्यांनी कधी खाडा केला नव्हता. संध्याकाळी मी त्यांच्या वस्तीत गेले. घर नाल्याच्या काठाला. आत गुडघाभर पाणी शिरून गेले होते. तांदळाचा डबा भिजला होता, नातीची पुस्तके चुलीजवळ वाळत घातली होती.

"दरवर्षी नाला भरतो वहिनी, पण घरात नव्हतं येत पाणी," मावशी म्हणाल्या. "कोणीतरी रात्रीतून पुलाजवळ मलबा ओतून गेलंय. पाण्याला वाटच राहिली नाही."

एवढ्यात त्यांच्या नातीने मूठ उघडून मला दाखवली. मुठीत अंधारात चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या चांदण्या होत्या.

मी पुलाजवळ जाऊन पाहिले. फुटलेल्या गोण्या, फरश्या, कोणाचे तरी मोडके कमोड आणि त्यात आकाशी रंगाचा एक तुकडा. त्यावर चार चांदण्या खाटेच्या आकारात चिकटवलेल्या. माझ्या मुलाने पाचवीत असताना स्टुलावर चढून केलेले सप्तर्षी! मावशींना काय सांगावे ते मला सुचेना. शेवटी सांगितलेच. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त "चहा घेता का?" म्हणाल्या. शिव्या घातल्या असत्या तर बरे वाटले असते.

कंत्राटदाराला फोन केला तर त्याने टेम्पोवाल्यावर ढकलले आणि वर म्हणतो, "सगळेच टाकतात." मग आम्हीच मजूर आणि टेम्पो बोलावून तो ढिगारा उचलायला घेतला. सहा बाय चार फुटांचा, साडेबारा मिलिमीटर जाडीचा बोर्ड कोरडा असताना जवळपास २० किलो भरतो. भिजल्यावर कागद सुटून आतला लगदा होतो आणि तो फावड्यालाही धड येत नाही. हजार रुपयांत 'गेलेला' माल परत काढायला चौपट खर्च आला. ह्यांनी तो हिशेब मला बरेच दिवस ऐकवला.

त्यानंतर, पेशाच पत्रकारितेचा असल्याने, मी या विषयाच्या मागेच लागले. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट आणि त्यातले पाणी. घरात ते अगदी निरुपद्रवी असते. पण ओल्या कचऱ्याखाली, हवा नसलेल्या जागी ते गाडले गेले की जिवाणू त्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्यासारखी घाण येणारा हा वायू विषारी असतो. म्हणूनच युरोपात जिप्समचा कचरा कुजणाऱ्या कचऱ्यासोबत पुरायला मनाई आहे. बरे, विटा-काँक्रीटच्या मलब्यात मिसळावे तर तोही बिघडतो. त्या मलब्यापासून खडी बनवून पुन्हा काँक्रीटमध्ये वापरली, की सल्फेटमुळे ते फुगून तडकू शकते. दिल्लीतील बुराडी येथे २००९ पासून मलब्यापासून खडी, वाळू आणि पेव्हर ब्लॉक बनत आले आहेत. अशा ठिकाणी आपली एक मिसळलेली गोणी किती नासाडी करील, विचार करा. गंमत म्हणजे वेगळे आणि कोरडे राहिलेले जिप्सम दळून, भाजून त्याचा पुन्हा बोर्ड करता येतो.

सासऱ्यांनी वेगळाच उपाय सुचवला. "चोपण जमिनीत शेतकरी जिप्समच टाकतात. कुंड्यांत घाल की!" गोष्ट खरी आहे, पण ते शेतीचे जिप्सम. आपल्या बोर्डाला रंग, कागद, पट्टीचा मसाला चिकटलेला असतो. माझ्या मोगऱ्यावर मी तो प्रयोग होऊ दिला नाही.

२०१६ साली केंद्र सरकारने बांधकामाच्या कचऱ्याविषयी जे नियम केले, त्यांत फक्त बिल्डर नव्हते, घराची डागडुजी करणारेही होते. राडारोडा रस्त्यावर, नाल्यात टाकायचा नाही आणि पालिकेच्या केंद्रावर पोहोचवायचा, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. २०२५ मध्ये नवे नियमही जाहीर झाले. मुंबईत महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे. इतर शहरांत प्रभाग कार्यालयात चौकशी करावी, आणि ती तोडफोड सुरू होण्याआधी. गोण्या जिन्यात आल्यावर शेजारी शोधू देत नाहीत.

दिवाळीनंतर हॉलचे काम काढले तेव्हा हातोडा चालवू दिला नाही, स्क्रू काढून बोर्ड उतरवले. तीन अखंड निघाले, ते सुताराने माळ्याला वापरले. लोखंडी पट्ट्या भंगारवाल्याने नेल्या. बोर्डाचे तुकडे कोरड्या गोण्यांत, वर ताडपत्री, विटा-प्लॅस्टर निराळे. आठवडाभर गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. पालिकेच्या फोनवरच्या गृहस्थांनी आधी वजन विचारले आणि "बोर्ड वेगळाच ठेवा हं," असे बजावले.

या वेळी कंत्राटदाराने बिल दिले तेव्हा त्यात 'डेब्रिज' ही ओळच नव्हती. "ते तुम्हीच केलंत ना वहिनी," तो म्हणाला. मावशींच्या नातीने चांदण्या त्यांच्या पत्र्याला आतून चिकटवल्या आहेत. सप्तर्षी कसे लावायचे, ते विचारायला ती रविवारी माझ्या मुलाकडे येऊन गेली.