आश्रय

समुद्रफूल हे नाव देणाऱ्याने केवळ त्याचे रूप पाहिले असावे. खडकाला घट्ट धरून बसलेला मांसल देठ, माथ्यावर पाकळ्यांसारखे पसरलेले संस्पर्शक आणि पाण्याबरोबर होणारी त्यांची संथ हालचाल पाहून कोणालाही ते फूलच वाटेल. प्रत्यक्षात तो मांसाहारी प्राणी आहे. पोवळ्यांचा आणि जेलीफिशचा नातलग. त्याच्या संस्पर्शकांवर सूक्ष्म दंशपेशी असतात. स्पर्श होताच त्यांतून विषारी तंतू सुटतात आणि लहानसा मासा जागीच लुळा पडतो. अशा या प्राण्याच्या कुशीत केशरी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारा क्लाउनफिश मात्र खुशाल राहतो. त्याच्या अंगावरच्या श्लेष्माच्या थरामुळे त्याला दंश होत नाही.

१८६८ मध्ये कथबर्ट कॉलिंगवूड या इंग्रज निसर्गअभ्यासकाने चीनच्या समुद्रातील या जोडीविषयी लिहिले, तेव्हा त्याने माशाला ‘जवळजवळ परजीवी’ अशा अर्थाचे विशेषण लावले. समुद्रफूल घर देते आणि मासा फुकट राहतो, असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटावे. पुढच्या अभ्यासाने हिशेबाची दुसरी बाजू पुढे आणली. समुद्रफुलाच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहते आणि उजेडावर अन्न तयार करून यजमानाला पुरवते. त्या शैवालाला माशाच्या उत्सर्गातील अमोनिया खतासारखा उपयोगी पडतो. माशाच्या वळवळीने संस्पर्शकांतून ताजे पाणी खेळते आणि प्राणवायू पोहोचतो. संस्पर्शक कुरतडायला येणाऱ्या माशांना तो हाकलूनही लावतो. समुद्रफुलांच्या हजारांवर जाती आहेत. त्यांपैकी जेमतेम दहा जाती या माशांना थारा देतात.

हे सारे मी वाचले ते गरजेपोटी. ठाण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरील घरात यजमानांनी हौसेने अडीचशे लिटरची खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी उभी केली. गोड्या पाण्याच्या पेटीपेक्षा हिचा संसार फार निराळा. लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम या प्रमाणात, जवळजवळ नऊ किलो मीठ शुद्ध केलेल्या पाण्यात विरघळवावे लागले, आणि तेही स्वयंपाकघरातले नव्हे. तापमान पंचवीस-सव्वीस अंशांवर राखण्यासाठी पाणी थंड ठेवणारे यंत्र आले. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू खडकांवर स्थिरावेपर्यंत दीड महिना आम्ही रिकामे पाणी पाहत बसलो. मग पैदास-केंद्रात जन्मलेली क्लाउनफिशची जोडी आली. समुद्रफूल मात्र वर्षभर आणले नाही. नव्या पेटीतले पाणी स्थिर नसते आणि त्या चढउतारांत ते तग धरत नाही. प्रवाळभित्तीवरून उपटून आणलेले समुद्रफूल घ्यायचे नाही, हेही यजमानांनी ठरवले होते. फुगीर टोकांच्या संस्पर्शकांची एक जात दुभंगून आपली संख्या वाढवते. एका परिचितांच्या पेटीत असेच एकाचे दोन झाले आणि त्यांतले एक आमच्याकडे आले.

त्याच महिन्यात आई आमच्याकडे राहायला आली. पेणकडच्या खाडीकाठच्या गावात ती एकटी राहत होती. गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि एकटीने राहणे अशक्य झाले. लेकीच्या घरी पाहुणी म्हणून चार दिवस राहणे वेगळे आणि कायमचे राहणे वेगळे, हे तिच्या पिढीच्या मनात पक्के रुजलेले. तिने आपली पिशवी कपाटात रिकामी केली नाही. भरलेलीच पलंगाखाली ठेवली. दुसरी पोळी वाढली की हाताने ताट झाके. सकाळी उठून न सांगता तांदूळ निवडत बसे. “जावयांच्या जिवावर किती दिवस बसून खायचं?” हा तिचा प्रश्न उत्तरासाठी नसेच. मी चिडले, समजूत काढली, हसण्यावारीही नेले. पिशवी पलंगाखालीच राहिली.

मत्स्यपेटीविषयी तिचे पहिले मत स्पष्ट होते. “एवढं पाणी घालून मासा ठेवायचा आणि खायचा नाही?” तरी दुपारभर ती पेटीसमोर बसे. आमच्या जोडीच्या जातीचा मासा निसर्गात सहसा निराळ्या जातींच्या समुद्रफुलांत राहतो. त्यामुळे तो या नव्या घरात शिरेल की नाही याची खात्री नव्हती. पहिले काही दिवस दोघेही लांबून फिरत होते. मग जोडीतील मोठी, म्हणजे मादी, शेपटीचे टोक संस्पर्शकांना लावून मागे सरू लागली. या माशांत सर्वांत मोठी ती मादी असते आणि तिच्या पश्चात नराचीच मादी होते, हे सांगितल्यावर आई म्हणाली, “म्हणजे घर रिकामं राहत नाही.” बाराव्या दिवशी दोघे फुलाच्या आत झोपलेले तिनेच प्रथम पाहिले आणि आम्हाला हाक मारली.

पेटीतले दीड-दोन लिटर पाणी रोज वाफ होऊन जाते. काचेवर आम्ही काळी रेघ मारली होती आणि तिथपर्यंत रोज पाणी भरून काढायचे असे. एका सकाळी भाचा आला होता. तो त्यात खारे पाणी ओतू लागला तशी आई पुढे झाली. “अरे, मीठ कुठं उडून जातंय? पाणी जातं, मीठ तिथंच राहतं. आमच्या मिठागरांत दुसरं काय होतं?” जे मला पुस्तकात वाचून कळले होते, ते तिने लहानपणी कोंड्यांच्या बांधांवर उभे राहून पाहिले होते. त्या दिवसापासून बिनमिठाचे शुद्ध पाणी रेघेपर्यंत भरण्याचे काम तिने आपल्याकडे घेतले. कोणी दिले नाही, तिने घेतले.

पुढल्या जुलैत एका रात्री धुवाधार पावसात वीज गेली. बॅटरीवरचा हवेचा पंप चार तास चालला आणि थांबला. पहाटे मला जाग आली तेव्हा आई स्टुलावर बसून जगाने पाणी उपसत होती आणि समुद्रफुलापासून दूरच्या कोपऱ्यात ते उंचावरून परत सोडत होती. देवघरातला तांब्याचा गडू हाताशी असूनही तिने प्लॅस्टिकचा जग शोधला होता. तांबे समुद्रफुलाला घातक असते, हे यजमानांनी एकदा बोलता बोलता सांगितलेले तिच्या ध्यानात होते. मी जग मागितला, तिने दिला नाही. वीज आली तेव्हा साडेसहा वाजले होते. यजमान नुसते तिच्या पायांशी बसले. “आई, तुम्ही नसता तर सकाळी काय पाहावं लागलं असतं!” ती म्हणाली, “माझी झोप तशीही कमीच.”

आश्रित हा शब्द आपण फार सहज वापरतो. कोण कोणाच्या आधाराने राहतो, हे बाहेरून पाहणाऱ्याला ठरवणे सोपे वाटते, कारण घर कोणाच्या नावावर आहे एवढेच त्याला दिसते. अर्थात मासा आणि माणूस यांची तुलना फार ताणू नये. समुद्रफुलाला उपकार ठाऊक नसतात आणि माशाला संकोच. माणसाला दोन्ही ठाऊक असतात. म्हणून एकत्र राहणे आपल्याला अवघड जाते. आईचा संकोच माझ्या समजुतीने गेला नव्हता. तिचे असे एक काम घरात तयार झाले, तेव्हा तो थोडा सैल झाला.

समुद्रफुले दीर्घायुषी असतात. सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रफूल त्यांच्या मृत्यूनंतरही एकाकडून दुसऱ्याकडे सोपवले जात १८८७ पर्यंत जगले. ‘आजी’ याच अर्थाच्या नावाने ते ओळखले जाई. हे ऐकून आई बराच वेळ गप्प बसली. मग तिने माझ्या मुलीला बोलावून पाणी कसे भरायचे ते शिकवायला घेतले.

यंदा गणपतीला ती आठ दिवस गावी गेली. पलंगाखालची पिशवी बाहेर निघाली, पण तिच्यात दोनच लुगडी होती. बाकीचे कपडे कपाटात होते. पेटीच्या झाकणावर तिने वहीचे पान चिकटवून ठेवले होते. तिच्या शाळकरी, मोठ्या अक्षरात लिहिले होते : ‘पाणी काळ्या रेघेपर्यंत. मीठ नको. मी सोमवारी येते.’