प्रभू, हे असं का?

लहान मुलाला प्रार्थना करायला सांगितली की ते आधी भराभर आभार मानून मोकळं होतं. आईबद्दल, बाबांबद्दल, भाकरीबद्दल. पाठ केलेलं संपलं की खरी प्रार्थना सुरू होते. प्रभू, आमची शेळी का मेली? आजोबा तुझ्याकडे आलेत, त्यांचा खोकला थांबला का? मोठी माणसं मिटल्या डोळ्यांनीच कोपर मारतात आणि घाईघाईनं 'आमेन' उरकलं जातं.

2019च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. पाऊस तूच पाडतोस ना, मग थांबवत का नाहीस, असं तेव्हा कुठल्या घरातल्या लेकरानं विचारलं नसेल? पाळकसाहेबांनाही याचं उत्तर देता यायचं नाही. पण मुलाचा विश्वास उडालेला नसतो, म्हणून तर ते विचारतं. ऐकणारा घरातच आहे आणि रागावला तरी घराबाहेर काढणार नाही, एवढी त्याची खात्री असते.

आपल्याकडे देवाशी असं बोलायची जुनी वहिवाट आहे. जनाबाईनं विठ्ठलाला शिव्या घातल्या, तुकोबा भांडले, आणि नैवेद्य खाल्लाच पाहिजे म्हणून छोटा नामदेव हटून बसला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं नारायण वामन टिळक सांगत. बाप्तिस्मा 1895चा. 1917मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यात आले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तिथं जागा होती. पुढं दोन वर्षांच्या आतच, मे 1919मध्ये, टिळक गेले आणि दरबार फुलायचा राहिला. पण ख्रिस्ताला त्यांनी माउली केलं ते राहिलं. माउलीचा पदर ओढून काहीही विचारता येतं. न्यायाधीशासमोर जीभ अडखळते.

प्रश्नांच्या बाबतीत मात्र मला टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जवळच्या वाटतात. नवरा ख्रिस्ती झाला आणि या सोवळ्यातल्या बाईच्या वाट्याला काही वर्षांची ताटातूट आली. पुढं एकदा त्यांना प्रश्न पडला: जाती देवानं केल्या की माणसानं? प्रश्न इतका साधा की पोरानं विचारावा, आणि म्हणूनच शहाण्यांना तो सुचत नाही. माणसानं, असं उत्तर मनाला पटताच त्यांनी शिवाशिव सोडली. 1900मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवतं, की या बाईनं समजल्याचं सोंग कधी केलं नाही.

शास्त्रात पाहावं तर प्रश्नांना तोटा नाही. हबक्कूक विचारतो, स्तोत्रकर्ते विचारतात, ईयोब तर प्रकरणंच्या प्रकरणं विचारत राहतो. शेवटी देव बोलतो, तेही उत्तर न देता उलट ईयोबालाच प्रश्न करतो. पण त्याचा राग कुणावर? देवाची बाजू हिरिरीनं मांडणाऱ्या ईयोबाच्या मित्रांवर! देवाची वकिली करणाऱ्या आपल्या मंडळींनी हा भाग पुन्हा वाचावा. खुद्द येशू बारा वर्षांचा असताना मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारताना दिसतो, आणि वधस्तंभावरही त्याच्या तोंडी प्रश्नच आहे: देवा, मला का सोडलंस?

सगळेच प्रश्न बालकाचे नसतात, हेही खरं. मूल होईल असं सांगणाऱ्या देवदूताला जखऱ्यानं विचारलं, मरीयेनंही विचारलं. जखऱ्याची वाचा गेली, मरीयेला उत्तर मिळालं. जखऱ्याला आधी खूण हवी होती. मरीया फक्त, हे होईल कसं, एवढंच विचारत होती.

मिरजेत डॉ. वानलेस यांचं रुग्णालय 1894पासून उभं आहे. अशा ठिकाणच्या बाकांवर रात्री ज्या प्रार्थना होतात, त्यांत आभार थोडे आणि 'का' फार. त्या प्रार्थना कमी प्रतीच्या, असं मला कुणी सांगू नये.

रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती. एखाद्या पोरानं मध्येच प्रभूला काही विचारलं, तर त्याला गप्प करू नका आणि प्रभूच्या वतीनं उत्तरही देऊ नका. त्याचं विचारून होऊ द्या, मग 'आमेन' म्हणा.