पटाच्या मधोमध ठेवलेल्या नोटा

मोनॉपॉलीच्या पटावर एक कोपरा फुकट पार्किंगचा असतो. छापील नियमांप्रमाणे तिथे काहीच घडत नाही. सोंगटी तेवढ्यापुरती विसावते, ना भाडं ना दंड. पण असंख्य घरांत या कोपऱ्याला वेगळंच महत्त्व आलं आहे. कर आणि दंडाच्या नोटा बँकेत भरायच्या नाहीत, पटाच्या मधोमध ठेवायच्या, आणि या कोपऱ्यावर जो येईल त्याने त्या सगळ्या उचलायच्या. हा नियम लोकांनी आपापल्या घरात घातला आणि त्यामागची भावना मला फार जवळची वाटते. हरत चाललेल्या भावंडाला थोडा आधार मिळावा, एवढंच या नियमाला हवं असतं. मे महिन्याच्या सुट्टीत मराठी घरांत ‘व्यापार’ मांडला जातो, तेव्हा बँकेने दिलेलं बिनव्याजी कर्ज किंवा ‘जाऊ दे, या वेळचं भाडं नको देऊस’ हेही त्याच मायेतून येतं. ज्या भाषेत कच्चं लिंबू आहे, म्हणजे लहानग्याला खेळायला तर घ्यायचं पण बाद करायचं नाही, त्या भाषेला हे शिकवावं लागत नाही. तरीही मला वाटतं, की ही माया चुकीच्या जागी खर्च होते. या खेळात माणूस भाड्याने मरतो आणि आपले घरगुती नियम भाड्याला सोडून बाकी सगळ्याला हात लावतात.

पैशाची वाट नीट पाहिली की हे दिसतं. प्रत्येक फेरी पूर्ण झाली की बँक 200 डॉलर देते. कर आणि दंड हा त्यातला काही पैसा परत बँकेत नेणारा रस्ता. मधली रास हा रस्ता बुजवते. पैसा वाढत राहतो, पण विकत घेण्याजोग्या जागा 28, घरं 32 आणि हॉटेलं 12 एवढीच राहतात. मग वाढलेला पैसा जाणार कुठे? ज्याच्याकडे जागा आहे त्याच्याकडेच. तुरुंगातून बाहेर पडणाऱ्या सोंगटीपुढे नारिंगी गटाच्या तीन जागा सहा, आठ आणि नऊ पावलांवर असतात, आणि दोन फाशांचं दान 36 पैकी 14 वेळा यांतलंच एखादं पडतं. समजा, कफल्लक होत आलेल्या खेळाडूने मधले 400 डॉलर उचलले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे कधीतरी तो नारिंगी गटातल्या टेनेसी अॅव्हेन्यूवर आला. तिथे दोन घरं असती तर भाडं 200 झालं असतं, पण तिसरं घर चढलेलं आहे, म्हणून 550. मधले 400 त्याच्या हातात थोडा वेळ थांबले आणि घरमालकाकडे गेले. शिवाय नशीब कुणाची गरज विचारत नाही. तीच रास सर्वांत श्रीमंत खेळाडूलाही लागते. हरणारा मात्र हरायचा थांबत नाही, त्याचं हरणं लांबतं. रात्री उशिरापर्यंत डोळे चोळत, एकेक जागा गहाण टाकत बसलेलं ते मूल पाहिलं, की या नियमाने त्याचं काय भलं केलं हा प्रश्न पडतो.

लिलाव गाळण्याचं तसंच. एखाद्याने जागा घेतली नाही तर बँकेने तिथल्या तिथे तिचा लिलाव करायचा, आणि त्यात नकार देणाऱ्यालाही बोली लावता येते, असा छापील नियम आहे. वादावादी नको म्हणून अनेक घरांत तो पाळत नाहीत. पण 140 डॉलरची जागा 60 मध्ये मिळवण्याची गरिबाची हीच एक संधी असते. ती गेली की फासे ज्याला तिथे नेतील आणि ज्याच्याकडे पूर्ण किंमत असेल, त्याचीच जागा.

यावर कुणी म्हणेल, की मग छापील नियमच जसेच्या तसे पाळा. हरायला लागलं की नियम बदलणं म्हणजे रडीचा डाव. मधेच बदलणं हा रडीचा डावच, ते मला पूर्ण मान्य आहे. पण छापील नियम म्हणजे तरी काय? हा खेळ एका माणसाने एका बैठकीत रचलेला नाही. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी 1904 मध्ये ‘द लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट मिळवलं. हेन्री जॉर्जच्या 1879 च्या ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या ग्रंथातला विचार, की जमिनीचं भाडं समाजाचं आहे आणि कर त्यावरच बसावा, लोकांना हाताने खेळून कळावा म्हणून त्यांनी तो केला. पुढची तीस वर्षं तो हाताने रंगवलेल्या कापडांवर आणि पुठ्ठ्यांवर घरोघर फिरला आणि जिथे गेला तिथे बदलला. अटलांटिक सिटीतल्या क्वेकर मंडळींनी आपल्या गावच्या रस्त्यांची नावं त्यावर घातली, आणि लिलावाचा गलका नको म्हणून जागांच्या ठरलेल्या किमती पटावर लिहिल्या. 1935 मध्ये चार्ल्स डॅरो यांच्याकडून पार्कर ब्रदर्सने जो खेळ घेतला, तो या सगळ्या हातांतून आलेला होता. मॅगीबाईंच्या पेटंटचे त्याच कंपनीने त्यांना 500 डॉलर दिले. तेव्हा आज मूळ म्हणून जे छापलं जातं तेही कुणाच्या तरी घरचे नियमच आहेत. बदल करणं या खेळाच्या रक्तात आहे.

मॅगीबाईंचा स्वतःचा बदल मात्र फार खोल होता. त्यांनी त्याच पटासाठी नियमांची दुसरी जोडी दिली. तीत जमिनीचं भाडं मालकाला न जाता सार्वजनिक तिजोरीत जाई, आणि सर्वांत कमी पैसेवाल्याचे पैसे दुप्पट झाले की सगळेच जिंकले असं मानलं जाई. आजच्या पटावर याचा एक सोपा अवतार करता येतो. भाड्यातला निम्मा भाग मालकाला, निम्मा मधोमध, आणि सगळ्यांची एकेक चाल झाली की मधले पैसे समान वाटायचे. टेनेसीवरचे ते 550 घ्या. 275 मालकाचे; उरलेले 275 चौघांत वाटले की प्रत्येकाला 68, आणि वरचे 3 मधेच राहू द्यावेत. मालक पुढेच राहतो, पण ज्याच्याकडे एकही जागा नाही त्याच्या हातातही लिलावात बोली लावण्यापुरतं काहीतरी दर फेरीला येत राहतं, आणि ते येणं कुठल्या कोपऱ्यावर सोंगटी पडली यावर अवलंबून नसतं.

यात खेळाची धार जाते, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. दिवाळं काढल्याशिवाय डाव संपणार कसा, आणि कौशल्य उरणार कशात? पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. भाडं वाटलं तर शेवट आधी ठरवावा लागतो, दीड तासाची मर्यादा म्हणा किंवा मॅगीबाईंची दुपटीची अट. तो न ठरवता हा बदल केला तर मधल्या राशीसारखाच कंटाळा येईल. कौशल्याचं म्हणाल, तर एकदा पूर्ण गट हाती आला की मालकाला भाडं गोळा करण्यापलीकडे फारसं काही करावं लागत नाही. खरं डोकं लागतं ते लिलावात, सौद्यात, आणि 32 च घरं आहेत हे लक्षात ठेवून ती हॉटेलं न करता अडवून ठेवण्यात. भाडं वाटल्याने यातलं काहीच जात नाही. उलट चौघेही शेवटपर्यंत सौदा करण्याइतके जिवंत राहतात, त्यामुळे सौदे वाढतात.

मॅगीबाईंच्या 1904 च्या पटावर ‘गो’ नव्हतं. तिथे धरणीमातेवर केलेल्या श्रमातून मजुरी मिळते असं लिहिलेलं होतं आणि तिथून जाणाऱ्याला 100 डॉलर मिळत. फुकट पार्किंगही नव्हतं. एक कोपरा दोन भागांत वाटलेला होता: एका बाजूला दिवाळं निघालेल्यांसाठी गरीबखाना, आणि त्याला लागूनच सार्वजनिक बाग, जिथे कुणीही थांबावं आणि कुणालाही भाडं द्यावं लागू नये.