भाड्याचा कॉड

अलिबागकडची असल्यामुळे मासा समोर आला की माझी तपासणी आपोआप सुरू होते. कल्ले लाल आहेत का, डोळा आत गेलाय का, पोटावर बोट दाबलं तर खड्डा राहतो का. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत विल्यम मेरिट चेसच्या ‘ॲन इंग्लिश कॉड’पुढेही मी अशीच वाकले. सून हळूच म्हणाली, “आई, हा विकायला नाहीये हं.”

चित्र १९०४ चं, पण हात एकोणिसाव्या शतकात घडलेला. १८४९ साली इंडियानात जन्मलेला चेस १८७२ मध्ये म्युनिकला शिकायला गेला. काळपट पार्श्वभूमी आणि ओल्या रंगावरच ओला रंग चढवायची पद्धत तिथली. त्या काळोखातून कॉडचं पोट नुसतं उजळून येतं. लांबून ते पांढरं वाटतं. जवळ गेलं की राखाडी, पिवळसर, कुठे फिकट गुलाबी असे ब्रशचे रुंद फटकारे दिसतात. खवला न् खवला रंगवायच्या भानगडीत तो पडलेलाच नाही. सगळा जोर ओलेपणावर. बरोबरच आहे. ताज्या माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर सुकला की त्याची कळाच जाते, मग बर्फात ठेवा नाहीतर मिठात.

घाई असायला कारणही होतं. असं सांगतात, की लंडनच्या एका मासेवाल्याकडे चेसला हा कॉड दिसला आणि त्याने तो चक्क दोन तासांसाठी भाड्याने मागितला. ठरल्या वेळेला माणूस मासा परत न्यायला आला, तर चित्र अजून पुरं व्हायचं होतं. मग तोही बघत थांबला. आमच्या बाजारात कोळणीपुढे असला प्रस्ताव ठेवायची माझी छाती नाही. तो कॉड पुढे कोणाच्या ताटात गेला असेल?

पुढच्याच वर्षी कॉर्कोरन गॅलरीने चित्र विकत घेतलं; २०१४ मध्ये ती बंद झाल्यावर ते इथे आलं. चेसने व्यक्तिचित्रं ढिगाने काढली, मुलाबाळांसह समुद्रकिनारे रंगवले, आणि तरी लोक आपल्याला मासे काढणारा म्हणूनच लक्षात ठेवतील की काय, अशी त्याला शंका होती. त्याच्या रेशमी झग्यातल्या बायका मीही पाहिल्या आहेत. मला विचाराल तर कॉडच सरस.