ऱ्हाइनकाठचे गड आणि ताली

वाचकहो, आज बसल्या जागी जर्मनीला जाऊ या. बिंगेनच्या धक्क्यावर ऱ्हाइन नदीच्या बोटीत बसायचे आणि प्रवाहाबरोबर कोब्लेंट्झपर्यंत जायचे. वाट सुमारे ६५ किलोमीटरची. दोन्ही काठी डोंगर आणि वळणावळणाला गड. असे चाळीसएक आहेत.

इतके गड कशाला, असे तुम्ही विचाराल. उत्तर काउब गावापाशी मिळते. तिथे नदीच्या मध्यावर, बेटावर फाल्झग्राफेनश्टाइन हा गड उभा आहे. चौदाव्या शतकात तो बांधला तो जकातीसाठी. नदीत साखळी ताणून नावा अडवीत. पैसे भरले की सोडीत. खाली सांक्ट गोआरचा ऱ्हाइनफेल्स गड त्याहून जुना. तिथे जकात वाढली, तेव्हा १२५५ साली नदीकाठच्या शहरांनी एकजुटीने वेढा घातला. गड हटला नाही. पुढे १७९६-९७ मध्ये फ्रेंच फौजांनी सुरुंग लावून तो उडविला.

आता गडांच्या खाली पाहा. उभ्या उतारावर दगडी ताली रचून द्राक्षे लावली आहेत. पाटीचा दगड दिवसा तापतो आणि रात्री वेलीला ऊब देतो. या द्राक्षांची वाइन नावांतून जाई, तिच्यावरही जकात बसे. कष्ट फार, म्हणून कित्येक ताली आज ओस पडून झुडपांनी भरल्या आहेत.

युनेस्कोने २००२ साली हे खोरे जागतिक वारशात घेतले, ते गडांसह आणि या तालींसह. येणारे लोक गडांकडे माना वर करून पाहतात. तुम्ही गेलात, तर आधी ताली पाहा. दगडावर दगड रचताना काय कष्ट पडतात, ते तुम्हाला कुणी सांगायला नको.