चौकटीभोवतीची पट्टी

दाराच्या चौकटीभोवती लाकडी पट्टी मारणं हा काही चारचौघांत सांगण्याजोगा पराक्रम नव्हे. भिंतीचा गिलावा आणि चौकटीचं लाकूड जिथं भेटतात तिथं एक वेडीवाकडी रेघ राहते. ती झाकायला दोन उभ्या आणि वर एक आडवी अशा तीन पट्ट्या मारायच्या, एवढंच ते काम. शहरातल्या घरांत ती शोभेची बाब. आमच्या घरात मात्र या पट्टीपायी एक रात्र जागून काढावी लागली, म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आमचं घर वाटूरच्या शिवारात, जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. आजोबांचा वाडा गावात होता, पांढरीत. जुन्या माणसांनी वस्तीला पांढरी आणि पिकाला काळी अशी वाटणी उगाच केलेली नव्हती. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मग तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हे तुम्हाला मी काय सांगावं! कपाशीला त्या भेगा सोसतात, घराला सोसत नाहीत. पण वाड्यात जागा पुरेना, गुरं शेतात आणि माणसं गावात असं होऊ लागलं, तेव्हा वडिलांनी काळीत घर बांधलं. पाया खणताना हात जरा आखडताच घेतला. तेव्हापासून भिंती दर वर्षी थोड्या इकडे नाहीतर तिकडे होतात.

माजघराच्या दाराला वाड्यातली सागवानी चौकट आहे. वाडा उतरवला तेव्हा वडिलांनी ती बैलगाडीतून आणली. चौकट जागची हलली नाही, पण भिंत हलली आणि उजव्या अंगाला बोट जाईल अशी फट पडली. आई होती तोवर दर वर्षी ती फट लिंपून घ्यायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भागात दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्यानंतर तर घरात कुठं चीर दिसली की आईला चैन पडत नसे. आई गेली आणि फट तशीच राहिली.

पुढं मुलीला पाहायला पाहुणे यायचे ठरले. घरधनीण म्हणाली, "भिंतीला रंग देता, मग ती फट तेवढी झाका." मी तालुक्याहून तयार पट्ट्या आणल्या आणि वैशाखातल्या एका दुपारी ठोकून टाकल्या. वरचे कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून जुळवले. खिळे काही चौकटीत मारले, काही भिंतीत. वर रंग दिला. पाहुण्यांनी घराची तारीफ केली, सोयरीक जमली आणि मी मिशीवर ताव दिला.

मृगाचा पाऊस पडला आणि भिंत सरकली. पट्टीची एक कड चौकटीला खिळलेली, दुसरी भिंतीला. तिनं जावं कुठं? ती मधोमध चिरली. उन्हाळ्यात कोरडं असलेलं लाकूड पावसाळी हवेत रुंदीनं फुगलं आणि कोपऱ्यांचे सांधे बाहेरच्या टोकाला उघडले. मला हे दिसत होतं, पण पेरणीची घाई होती. दिवाळीला बघू म्हटलं.

श्रावणातल्या एका रात्री वीज गेलेली असताना नातू पाणी प्यायला उठला. वय वर्षं चार. अंधारात त्यानं आधाराला पट्टी धरली आणि किंचाळला. कंदील आणेपर्यंत लाल विंचू फटीत शिरताना घरधनिणीनं पाहिला. घटकाभरात पोराला दरदरून घाम फुटला, ओकाऱ्या सुरू झाल्या, हातपाय बर्फासारखे गार पडले. शेजाऱ्यांच्या जीपमधून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी प्राझोसिनची गोळी दिली आणि रात्रभर नजरेखाली ठेवलं. सकाळी पोरानं डोळे उघडून बिस्कीट मागितलं, तेव्हा माझे पाय जमिनीला लागले. विंचूदंशावर ही गोळी चालते हे आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेड गावात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडच्या भागात रुग्णांवर उपचार करताना १९८० च्या दशकात दाखवून दिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे विषय सोडून झालं खरं, पण मंत्रतंत्रात वेळ घालवू नका, पोराला आधी दवाखान्यात न्या, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी उचकटली. मागं आणखी दोन विंचू निघाले आणि वाळवीनं मातीची नळी थेट चौकटीपर्यंत आणलेली. गावातल्या सुतारमामांना बोलावलं. त्यांच्या वडिलांनी बलुत्यावर आमच्या तिफणी भरल्या, मामांनी आमच्या गाड्यांची चाकं केली. वय झालं असलं तरी नजर तशीच. फटीकडं पाहून म्हणाले, "भाऊ, तुम्ही तं इच्चवाला माडी बांधून देली की! फट झाकली, पण भरली कुठं?"

मामांनी आधी फट खरवडून साफ केली, वाळवीची माती काढली आणि चौकटीच्या उघड्या अंगाला डांबर फासलं. मग तागाचा दोर डांबरात भिजवून पटाशीच्या पाठीनं फटीत ठासला आणि वरून चुना-वाळूचा गिलावा केला. सिमेंट का नको, म्हणून मी विचारलं. म्हणाले, सिमेंट हट्टी, भिंत हलली की तुटून पडतं. चुना जरा सांभाळून घेतो, आणि तो चिरला तरी मागं दोर आहेच. पट्टीचं काढलं तर सरळ नकार! लाकूड आता पाणी प्यालेलं आहे, दिवाळीनंतर बघू.

दिवाळीनंतर ते आले ते जुन्या सागवानाची फळी घेऊन. तिच्या अडीच इंच रुंद, पाऊण इंच जाड पट्ट्या काढल्या. प्रत्येक पट्टीची पाठ मधोमध रंध्यानं जराशी खोलगट केली, म्हणजे गिलाव्याचा उंचवटा आला तरी दोन्ही कडा नीट टेकतात. चौकटीच्या आतल्या कडेपासून दोन सूत जागा सोडून पेन्सिलीनं रेघ मारली. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे हल्ली पोरांना सांगावं लागतं.) पट्टी अगदी कडेला कड लावून मारली तर चौकटीचा लहानसा बाकही डोळ्यांत भरतो, दोन सूत सोडले की तो लपतो. उभ्या पट्ट्या ओळंब्यात धरल्या. वरची आडवी पट्टी पंचेचाळीस अंशांत न कापता सरळ दोन्ही उभ्यांच्या माथ्यावर बसवली, टोकं दोन्हीकडं बोटभर बाहेर ठेवून. असा सांधा ऋतूबरोबर तोंड उघडत नाही.

खिळे सगळे चौकटीत. भिंतीत एकही नाही. जुनं सागवान तडकू नये म्हणून आधी गिरमिटानं भोकं पाडली आणि खिळ्यांची टोकंही हातोडीनं जरा बोथट केली. टोकदार खिळा लाकडाचे तंतू फाकवतो, बोथट खिळा ते चेचत आत जातो. खिळे मारणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? मला साठी जवळ आली तरी नव्हतं.

मजुरी विचारली तर मामा म्हणाले, पोराला डोळ्यांनी पाहिलं, आता काय द्यायचं ते द्या.

याला आता आठ वर्षं झाली. दर मृगाच्या आधी मी पट्टीच्या बाहेरच्या कडेला धरून भिंतीवर पेन्सिलीची बारीक रेघ मारतो. पावसाळा सरेपर्यंत ती रेघ कधी एक सूत, कधी दीड सूत सरकलेली असते. भिंत पट्टीच्या मागून गुपचूप जाते-येते, रंग तेवढा खरवडला जातो. डाव्या अंगाचा वरचा सांधा केसभर उघडलाय. मामांना दाखवला तर म्हणाले, राहू द्या. नातू आता सातवीत आहे. त्या दारातून जाताना तो अजूनही हात खिशात घालतो.