गोचीडतापाच्या नोंदी

१४ जून
संगमनेरजवळच्या वस्तीवर होल्स्टीन संकरित कालवड पाहिली. ताप १०६ अंश, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजलेली, पापण्यांची आतली बाजू पांढुरकी. रक्ताची काचपट्टी केली आणि वजनाच्या किलोमागे २.५ मिलिग्रॅम या हिशेबाने ब्युपार्व्हाक्वोन टोचलं. शेजारच्या दावणीला खिलार गाय. तिच्याही अंगावर गोचिडं, पण ती निवांत रवंथ करतेय. देशी जनावर हा रोग बऱ्यापैकी सोसतं. संकरित मात्र खचतं.

१५ जून
तांबड्या पेशींत थायलेरिया ॲन्युलाटा दिसला. त्याआधी तो पांढऱ्या पेशींत शिरतो आणि त्यांना वाढतच ठेवतो. लस करणाऱ्यांनी नेमका याचाच उपयोग केला. अशा पेशी प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या की परजीवीची रोग करण्याची ताकद ओसरते, आणि तरीही गाईचं शरीर त्याला ओळखून सज्ज होतं. हैदराबादेत बनणारी रक्षाव्हॅक-टी याच पद्धतीची.

२१ जून
ही लस जिवंत पेशींची, म्हणून ती उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्येच ठेवावी लागते. एकदा वितळवली की लगेच टोचायची. दोन-तीन गाईंच्या गोठ्यासाठी कुपी फोडणं परवडत नाही, आणि आमच्याकडचे बहुतेक गोठे तेवढेच.

२८ जून
केनियातल्या मुगुगाच्या लसीबद्दल पुन्हा वाचलं. तिथल्या ईस्ट कोस्ट फीव्हरचा परजीवी थायलेरिया पार्व्हा. गोचिडींमधून काढलेले जिवंत परजीवी आणि दीर्घकाळ टिकणारं ऑक्सिटेट्रासायक्लिन एकाच वेळी टोचतात. रोग सौम्य होऊन जातो, प्रतिकारशक्ती राहते. टांझानियातले मसाई पशुपालक वासरांना ती टोचून घेतात. तीही नायट्रोजनमध्येच न्यावी लागते.

३ जुलै
कालवड चरू लागली. मालकीणबाईंनी विचारलं, "डॉक्टर, बाकीच्यांना आधीच टोचता नाही येणार?" येईल. कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजनची टाकी गावोगाव पोहोचतेच. आसपासच्या वस्त्यांवरच्या निरोगी कालवडींची यादी करून एकाच दिवशी सगळ्यांना टोचायचं ठरवलं. भिंतींच्या भेगा बुजवायच्याही सांगितल्या. ह्यालोमा गोचीड तिथेच दडते. पण साध्या फ्रिजमध्ये टिकेल अशी लस संशोधकांनी लवकर द्यावी. दोन गाईंवर घर चालवणाऱ्यांना तीच खऱ्या अर्थाने मिळेल.